लकव्यानंतर बाबा दिवसभर झोपतात, रात्रभर जागे. सगळे म्हणतात 'आराम करू दे', पण मला काहीतरी चुकतंय असं वाटतंय

रामबागची_लेक · रात्री २:५०

वेळ बघून कळलंच असेल कोणत्या अवस्थेत लिहितेय. बाबा ७२ वर्षांचे, इंदूरलाच रामबागेत आई-बाबा राहतात, मी राजेंद्र नगरला असते पण गेले सात आठवडे मुलीला घेऊन इकडेच मुक्काम आहे. गणपतीत बाबांना लकवा मारला. रात्री आरती झाली, ११ वाजता नीट झोपले, आणि सकाळी ६ ला आई चहा घेऊन गेली तर तोंड वाकडं आणि डावा हात उचलेना. हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न हाच की शेवटचं ठीक कधी बघितलं होतं, आईने सांगितलं ११ वाजता, मग ते म्हणाले गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ साडेचार तासांची असते, कधी झालं तेच माहीत नाही तर देता येत नाही. असो, ते सगळं झालं, आठ दिवसांनी घरी आलो, आता काठी घेऊन संडासपर्यंत जातात, बोलणं बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

प्रॉब्लेम झोपेचा आहे. सकाळी नाश्ता केला की झोप, जेवलं की झोप, टीव्ही समोर झोप, फिजिओवाला मुलगा येतो ११ ला तर त्याच्यासमोर हात वर करता करता डोळे मिटतात. आणि रात्री दीड-दोनला उठून बसतात. बाबा पूर्वी मिलमध्ये होते, ९१ ला मिल बंद पडली मग क्लॉथ मार्केटमध्ये हिशेब लिहायचे. तर आता रात्री उठून म्हणतात 'भोंगा झाला, डबा कुठंय'. कालच्या रात्री चक्क कपाटातून डबा काढून मांडीवर घेऊन बसले होते. सकाळी विचारलं तर काहीच आठवत नाही. दिवसाही आठवण कमी झालीये, गोळी घेतली की नाही हे तीनदा विचारतात, पेपर वाचतात पण काय वाचलं ते नाही सांगता येत.

भाऊ पुण्याहून फोनवर म्हणतो झोपू दे गं त्यांना, मेंदूला आराम पाहिजे. काकू म्हणते भादवा मातेला घेऊन जा. शेजारचे म्हणतात झोपेची अर्धी गोळी द्या. न्यूरोच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले वयानुसार होतं, बघू पुढच्या व्हिजिटला. मला कोणी सांगेल का की ही आठवण लकव्यामुळे गेलीये का झोपेमुळे?

---

भिया_इंदोरी · सकाळी ७:१५

ताई काळजी घ्या. माझ्या मामांचं पण सेम होतं, दिवसभर झोपून राहायचे. आपण तर समजून राहिलो होतो की चला बरं आहे शांत आहेत. वर्षभराने दुसरा अटॅक आला. घाबरवत नाहीये पण पाहून घ्या काय ते.

---

नर्मदे_हर · सकाळी ८:०२

भादवा मातेला जरूर जा, नीमचजवळ आहे, आमच्या ओळखीत दोघं बरे होऊन आले, तिथल्या बावडीच्या पाण्यात गुण आहे. राजस्थानात बुटाटीला पण लोक सात दिवस राहतात. औषध चालू ठेवूनच जा मात्र.

---

गप्पीदास · सकाळी ९:४०

देवाचं करा पण आधी रात्रीची झोप तर लागू द्या. माझ्या आईला अल्प्राझोलमची पाव गोळी द्यायचो, मस्त सकाळपर्यंत झोपायची. एवढं काय त्यात, सगळे घेतात.

---

फिजिओ_ताई · दुपारी १:३०

गप्पीदास, प्लीज असं सांगू नका, यावर कोणी डॉक्टर बोलले तर बरं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्यापुरतं सांगते.

लेक ताई, तुमचा प्रश्न चांगला आहे आणि तो फार कमी लोक विचारतात. आम्ही दिवसा पेशंटला जे शिकवतो ना, म्हणजे हात असा उचला, टाच आधी टेकवा, ते मेंदू रात्री झोपेत पक्कं करतो. लहान मूल सायकल शिकतं तेव्हा संध्याकाळपर्यंत पडत असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अचानक दहा पावलं जास्त जातं, तसंच. स्ट्रोकनंतर तर मेंदू नव्याने रस्ते शोधत असतो. झोप तुकड्या-तुकड्यात झाली की आमची सकाळची मेहनत अर्धी वाया, हे मी रोज बघते. ज्यांची रात्र चांगली जाते त्यांच्या हाताला काल शिकवलेलं आज आठवतं, आणि काहींना रोज पहिल्यापासून सुरुवात.

दोन गोष्टी आजपासून करा. एक म्हणजे सकाळी ७-साडेसातला खुर्ची ओट्यावर किंवा गच्चीत उन्हात, निदान अर्धा तास. खोलीत पडदे लावून ठेवलेत ना? आराम म्हणून सगळे लावतात. काढा ते. मेंदूला दिवस कधी झाला हेच कळत नसेल तर भोंगा रात्री दोनलाच वाजणार. दुसरं, दुपारची झोप जेवणानंतर अर्धा तास, गजर लावून, आणि तीननंतर पलंगावर नाही. फिजिओची वेळ ११ ऐवजी त्यांच्या जागेपणाच्या वेळेला घ्या, आमचे लोक कुरकुर करतील, करू द्या.

---

भूलवाला · रात्री ९:२०

मी डॉक्टर आहे पण न्यूरोचा नाही, ग्वाल्हेरला भूल देतो. आमच्या धंद्यात पेशंट समोर आला की आधी त्याची मान बघायची सवय लागते, म्हणून वेगळेच प्रश्न विचारतो. चिडू नका.

बाबा घोरतात का? घोरता घोरता मध्येच एकदम शांत होऊन मग दचकल्यासारखा श्वास घेतात का? शर्टाच्या कॉलरचं माप काय, म्हणजे टेप घेऊन गळा मोजा, ४० सेंटीमीटरच्या वर आहे का? बीपीच्या गोळ्या किती, दोनपेक्षा जास्त का? रात्री लघवीला किती वेळा? सकाळी डोकं जड?

गोळीबद्दल, गप्पीदास साहेब, तुमच्या आईला मानवली हे चांगलंच. पण या गटातल्या गोळ्या घशाचे स्नायू सैल करतात, श्वास मंदावतो, आणि सत्तरीच्या माणसाला रात्री उठून संडासला जाताना पाडतात. लकव्याचा माणूस पडून खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय ते मी ऑपरेशन टेबलवर बघतो. जे आधीच गोंधळतात ते जास्त गोंधळतात. सर्दी-खोकल्याच्या झोप आणणाऱ्या सिरपचंही तेच, घरोघरी असतं म्हणून निरुपद्रवी नाही. न्यूरोवाल्यांना विचारल्याशिवाय काही देऊ नका.

---

रामबागची_लेक · रात्री १०:०५

घोरणं? डॉक्टर, आमच्या घोरण्याची ख्याती वाड्यात आहे. माझ्या लग्नात पाहुणे दुसऱ्या खोलीत गेले होते.

गळा आत्ता मोजला, ४२. बीपीच्या गोळ्या तीन. रात्री तीन-चार वेळा लघवी, आम्ही समजत होतो प्रोस्टेट. श्वास थांबतो का हे आईला विचारलं तर तिने जे सांगितलं ते ऐकून मी हबकलेच. म्हणाली, 'अगं ते घोरायचे थांबले की मला जाग येते. ते सुरू असले की मला झोप लागते.' म्हणजे चाळीस वर्षं ही बाई त्यांचा श्वास बंद झाला की उठतेय आणि पुन्हा सुरू झाला की झोपतेय आणि तिला वाटतं हे सगळ्यांच्याच घरी असतं.

---

भूलवाला · रात्री १०:३०

तुमच्या आईंनी निदान करून टाकलंय. आम्ही ऑपरेशनआधी आठ प्रश्नांची एक यादी वापरतो, कॅनडात भूलतज्ज्ञांनीच २००८ च्या सुमारास केलेली, मगाशी त्यातलेच तीन-चार विचारले. घोरणं, दिवसा थकवा, कोणी श्वास थांबताना पाहिला का, बीपी, वजन, पन्नाशी ओलांडली का, गळा, आणि पुरुष आहे का. बाबांचे किती होतात मोजा. पाच किंवा जास्त म्हणजे धोका बराच.

हा स्लीप ऍपनिया. झोपेत जीभ आणि घशाचा मागचा भाग सैल पडून हवेची वाट बंद होते. दहा सेकंद किंवा जास्त हवा आली नाही तर तो एक ऍपनिया. रक्तातला ऑक्सिजन पडतो, मेंदू घाबरून धक्का देतो, माणूस अर्धवट जागा होतो, श्वास घेतो, परत झोपतो. त्याला पत्ता नसतो. तासात असे पाचपेक्षा कमी म्हणजे नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० च्या वर गंभीर. आता विचार करा, तासाला तीस वेळा कोणी तुम्हाला हलवून उठवलं तर सकाळी पेपरातलं काय लक्षात राहील?

स्ट्रोक झालेल्यांमध्ये हे निम्म्यापेक्षा जास्त लोकांत सापडतं. काहींना आधीपासून असतं, आणि स्ट्रोक यायला तेही एक कारण असतं, कारण दर वेळी ऑक्सिजन पडला की बीपी उसळतं. रात्री बीपी दहा-वीस टक्के खाली यायला पाहिजे, यांचं येत नाही. काहींना स्ट्रोकनंतर घशाचे स्नायू लुळे पडल्याने होतं. आणि मेंदूच्या आज्ञाच चुकल्याने श्वास थांबणं हाही एक वेगळा प्रकार असतो, त्याचा इलाज थोडा वेगळा, म्हणून अंदाजाने मशीन आणू नका, तपासणी करा. तोवर पाठीवर झोपवू नका, कुशीवर, डोकं थोडं उंच.

---

फिजिओ_ताई · रात्री १०:४८

कुशीवर म्हणजे डावा खांदा अंगाखाली दाबून नाही हं! डाव्या कुशीवर असतील तर खांदा थोडा पुढे ओढून घ्यायचा. उजव्या कुशीवर असतील तर डावा हात पुढे उशीवर, लोंबकळता ठेवायचा नाही. पाठीमागे एक लोड लावा म्हणजे उताणे होणार नाहीत.

---

रामबागची_लेक · रात्री ३:१०

मोबाइल लावला उशाशी आणि भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेतलं. ऐकतेय.

घोरणं चढत जातं, चढत जातं, मग तुटतं. काहीच नाही. छाती मात्र हलतेय, पोट आत-बाहेर होतंय पण नाकातून काही नाही, हात धरून बघितलं. १०. २०. ३०. आई पलीकडून उठून बसली, दिवा न लावता. ४१ सेकंदांनी असा आवाज आला जसं पाण्यातून कोणी डोकं वर काढावं. मग दोन मिनिटं बरं, मग पुन्हा. एका तासात सव्वीस मोजले आणि मग माझ्याच्याने मोजवेना.

आणि हो, दोनदा त्यातूनच दचकून उठले आणि भोंगा म्हणाले.

---

भिया_इंदोरी · सकाळी ६:५५

अरे देवा. हे वाचून माझी बायको म्हणतेय तुम्ही पण मोजून घ्या.

---

बडोद्याची_वहिनी · सकाळी ११:१०

मी थोडं वेगळं सांगते, म्हणजे सगळे एकाच बाजूला पळायला नकोत. आमच्या ह्यांना तीन वर्षांपूर्वी स्ट्रोक झाला. आम्ही पण असंच वाचून तपासणी केली तर श्वास अगदी ठीक निघाला. ते पहाटे साडेतीनला उठून छताकडे बघत पडायचे, जेवण उतरलं होतं, सयाजीबागेत फिरायला न्यायचे म्हटलं तर नको. ते डिप्रेशन होतं. स्ट्रोकनंतर जवळजवळ तिघांतल्या एकाला कधी ना कधी येतं म्हणे, आणि घरचे म्हणतात की एवढं मोठं आजारपण झालं मग उदास तर असणारच. गोळी सुरू झाली, दोन महिन्यांनी एक दिवस स्वतःहून म्हणाले शेव-उसळ खायला जाऊ. मी रिक्षातच रडले.

आणि आमच्या ओळखीत एक बाई, त्यांना मेंदूच्या अगदी मधल्या भागाला लागलं होतं, थॅलॅमस का काय, त्या खरंच अठरा अठरा तास झोपायच्या, ती झोप त्या इजेचीच होती. म्हणून तपासल्याशिवाय ठरवू नका एवढंच.

---

भूलवाला · दुपारी २:१५

वहिनींच्या पोस्टला माझा नमस्कार. शंभर टक्के बरोबर. यात लघवीची गोळी रात्री देणं, थायरॉइड, दुखणारा खांदा हेही धरा. लघवीची गोळी संध्याकाळी चालू असेल तर सकाळी घेता येईल का ते विचारा.

---

सत्यशोधक_७८ · संध्याकाळी ६:४०

शेवटी गाडी मशीनवर जाणार हे दिसतंच आहे. सीपॅप, म्हणजे रात्री मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन, ते विकणाऱ्यांचा धंदा जोरात आहे. जरा वाचा, २०१६ मध्ये मोठा अभ्यास छापून आलाय, २,७१७ लोक, सगळे हृदयाचे किंवा स्ट्रोकचे पेशंट, अर्ध्यांना मशीन दिलं. निष्कर्ष, पुढचे हार्ट अटॅक आणि स्ट्रोक काही कमी झाले नाहीत. मग लोकांना हजारो रुपयांना कशाला गंडवायचं?

---

भूलवाला · संध्याकाळी ७:३०

अभ्यास खरा आहे, आकडा पण बरोबर आहे. पण पुढचं पण सांगा. त्यात लोकांनी मशीन घातलं सरासरी रात्री ३.३ तास. पाऊस सहा तास, छत्री तीन तास, आणि मग म्हणायचं छत्रीने काही होत नाही. शिवाय जे दिवसा फारच पेंगतात किंवा ज्यांचा ऑक्सिजन फारच पडतो त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं, आणि लेकताईंचे बाबा बहुधा त्यातलेच. आणि मशीनवाल्यांचं दिवसाचं पेंगणं कमी झालं, मूड सुधारला, हे त्याच अभ्यासात आहे.

तुमचा मुद्दा मान्य एवढाच की 'मशीन लावा, दुसरा स्ट्रोक येणार नाही' असं कोणी सांगितलं तर तो फसवतोय. बीपी, साखर, रक्त पातळ करायची गोळी, तंबाखू, यांना पर्याय नाही. पण माणसाला दिवसा जागं राहता आलं, व्यायाम करता आला, तर ते लहान काम नाही.

---

सत्यशोधक_७८ · संध्याकाळी ७:४५

छत्रीचं उदाहरण आवडलं. अर्धवट माघार.

---

ज्ञानामृत · रात्री ८:२०

मित्रांनो रात्री झोपेत मेंदू स्वतःला धुऊन काढतो हे सायन्सने सिद्ध केलंय!! झोपेत मेंदूतल्या नाल्या ६० टक्के रुंद होतात आणि सगळा विषारी कचरा वाहून जातो. म्हणून रात्री १० ते २ झोपलंच पाहिजे. सर्वांना पाठवा 🙏

---

भूलवाला · रात्री ८:५५

पाठवू नका. म्हणजे, मुळात गोष्ट आहे, २०१२-१३ ला अमेरिकेत नेडरगार्ड बाईंच्या गटाने दाखवलं, पण उंदरांवर, आणि तो साठ टक्क्यांचा आकडा पण उंदरांचाच. २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने उंदरांवरच उलटं दाखवलं की झोपेत सफाई कमी होते. शास्त्रज्ञ अजून भांडतायत, भांडू द्या. १० ते २ तर कुठेच नाही, ते आपल्याकडच्या कोणीतरी घातलंय. सराफ्यात रात्री एकला गराडू खाणाऱ्या अख्ख्या इंदूरचा मेंदू मग न धुतलेलाच म्हणायचा.

पण अमेरिकन हार्ट असोसिएशनवाल्यांनी २०२२ मध्ये हृदय आणि मेंदू सांभाळायच्या त्यांच्या सातकलमी यादीत झोप हे आठवं कलम टाकलं, हे खरं. त्याला उंदीर लागत नाहीत.

---

भिया_इंदोरी · रात्री ९:०५

गराडूबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही हौ.

---

रामबागची_लेक · (दीड महिन्याने) रात्री ९:३०

उशीर झाला सांगायला. न्यूरोच्या डॉक्टरांना तो मोबाइलवरचा आवाज ऐकवला. पहिले दहा सेकंद ते ऐकत होते, मग शांतता झाली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि तो श्वास परत येईपर्यंत केबिनमध्ये कोणी बोललं नाही. मग स्वतःच झोपेच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली. घरी येऊन लावून गेले, बोटाला क्लिप, नाकाखाली नळी, छातीला पट्टा. रिपोर्टमध्ये तासाला ३८ आणि ऑक्सिजन सर्वात खाली ७६. बहुतेक सगळे घशातले, मेंदूवाले एक-दोनच.

मशीन भाड्याने घेतलं आधी. पहिल्या रात्री बाबांनी मास्क वीस मिनिटांत काढून फेकला. म्हणाले मला कशाला विमान चालवायला लावताय. दुसऱ्या रात्री मिशीतून हवा सुटत होती, शिट्टी वाजायची. कंपनीचा मुलगा म्हणाला मिशी काढा काका. ती मिशी मिलच्या दिवसांपासूनची आहे, गणपतीच्या झाँकीत मिलच्या ट्रकवर उभे राहायचे तेव्हापासूनची, आई म्हणाली मशीन परत करा पण मिशीला हात नाही.

---

सुदामानगरचे_काका · रात्री ९:५०

बेटा, मी हे यंत्र सात वर्षं लावतोय, मलाही मिशी आहे. नाकावर बसणारा मास्क घेऊ नको, नाकपुडीत टेकणारा छोटा येतो दोन बोंड्यांचा, तो माग. मिशीच्या वरच राहतो. दिवसा टीव्ही बघताना अर्धा-अर्धा तास लावून बसायचं, झोपायचं नाही, नुसती सवय. मी तर बातम्या बघताना लावायचो, बोलता येत नाही त्यामुळे घरात शांतता. पाण्याच्या डबीत डिस्टिल्ड पाणी, नळाचं नाही, नाहीतर पांढरा थर बसतो.

आणि बाबांना सांग, हे ज्याने काढलं त्या ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टरने १९८०-८१ च्या सुमारास व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी लावून पहिलं यंत्र बनवलं होतं. मिलवाल्या माणसाला मोटरची गोष्ट सांगितली की तो ऐकतो.

---

भूलवाला · रात्री १०:००

काकांशी सहमत. एक जास्तीचं, तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क यांना देऊ नका. एक हात चालत नाही, उलटी झाली आणि स्वतःला काढता आला नाही तर उलटी श्वासात जाईल. कुठलाही मास्क असो, उजव्या हाताने एका झटक्यात निघाला पाहिजे. दिवसा दहा वेळा काढून दाखवायला लावा.

---

रामबागची_लेक · रात्री १०:२०

हे कंपनीवाल्याने नव्हतं सांगितलं. बरं झालं. आई आत्ताच शिवणयंत्रावर बसलीये, पट्ट्याला उजवीकडे जाड नाडीची कडी शिवतेय ओढायला.

---

रामबागची_लेक · (मार्चमध्ये) दुपारी ४:१५

लोक विचारतायत म्हणून अपडेट. नाकपुडीवाला मास्क आला. वाकड्या ओठातून हवा सुटायची म्हणून हनुवटीचा पट्टा लागला. मोटरची गोष्ट सांगितली तर बाबांनी मशीन उलटं-सुलटं करून बघितलं आणि म्हणाले आवाजावरून बेअरिंग चांगलं आहे. तेव्हापासून ते त्यांचं झालं. पहिला महिना रोज दोन तास, मग चार, आता पाच-साडेपाच.

भोंगा नोव्हेंबरपासून चालू होता, जानेवारीच्या शेवटी बंद झाला. रात्री एकदाच उठतात लघवीला. सकाळी गच्चीत बसतात उन्हात, पेपर मोठ्याने वाचतात आणि वरून वाड्याशी भांडतात. आठवणीची ती तीस मार्कांची परीक्षा असते ना, घड्याळ काढा, शब्द लक्षात ठेवा, त्यात १७ होते, परवा २२ आले. गोळी मात्र अजून दोनदा विचारतात.

अडचणीची गोष्ट, आईला आता झोप येत नाही. खोली इतकी शांत असते की ती उठून बघत बसते.

---

फिजिओ_ताई · संध्याकाळी ५:००

खूप आनंद झाला! फक्त सगळं श्रेय मशीनला देऊ नका हं, पहिल्या सहा महिन्यांत मेंदू आपणहूनही बराच सावरतो, त्यात ऊन आहे, व्यायाम आहे, तुम्ही आहात. किती कशामुळे हे कोणी सांगू शकणार नाही. डाव्या हाताची बोटं उघडतायत का?

---

रामबागची_लेक · संध्याकाळी ५:२०

अंगठा आणि पहिलं बोट. चमचा अजून नाही धरता येत, पण पोह्यांवर शेव टाकता येते. थोडी टेबलावर जाते.

---

रामबागची_लेक · (रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी) सकाळी ६:३०

भाऊ पुण्याहून आलाय, काल गेरची मिरवणूक बघून रंगात न्हाऊन आला, दोन प्लेट भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि बाबांच्या शेजारच्या पलंगावर झोपला. तोच, 'झोपू दे गं त्यांना' वाला.

रात्री अडीचला मी पाणी प्यायला उठले तर बाबा मशीन लावून गाढ, आणि आई भिंतीवरचं घड्याळ हातात घेऊन भावाच्या उशाशी उभी. मला खूण केली गप्प राहा म्हणून. ३४ सेकंद.

---

भूलवाला · सकाळी ६:४१

गळा मोजा.

---

रामबागची_लेक · सकाळी ६:४४

झोपेतच मोजला. ४३.